हळदीचं बोट

मी भांडी घासायचं काम धरलंय, हे आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "एवढ्या दूर सांगलीले जाऊन भांडेच घासतेस का व?"

"काचेचे आहेत, आई."

"काचेचे असो का जर्मनचे. घासनं ते घासनंच."

तिचं खोटं नव्हतं. भंडाऱ्याकडच्या आमच्या गावातून निघालं की सांगलीला पोचेस्तोवर दोन गाड्या बदलाव्या लागतात आणि डब्यातली भाकर वाळून कडक होते. एवढं अंतर कापून माणूस भांडी घासायला जातो, हे तिला कसं पटावं? नवरा हळदीच्या यार्डात हमालीला आला, त्याच्या मागं मी आले, पोरगी इथंच झाली. ती पहिलीत जायला लागल्यावर मी काम शोधलं. गल्लीतल्या एकीनं सांगितलं, एका प्रयोगशाळेत ठेकेदारामार्फत बाई पाहिजे, आठवी पास चालेल.

मी बरोबर आठवी पास. नववीत जून-जुलै बसले होते. हायस्कूल नदीपलीकडं, पूर आला की डोंगा बंद, डोंगा बंद की शाळा बंद. त्या वर्षी पूर लांबला. नंतर इतके दिवस बुडवल्यावर मास्तरांना तोंड कसं दाखवावं याची लाज वाटायला लागली, आणि त्या लाजेतच दिवाळी आली नि गेली. कुणी माझी शाळा सोडवली नाही. मीच सोडली, भिऊन. हे आता लिहिते आहे, कारण पुढं जे झालं त्यातही हीच भीती होती.

प्रयोगशाळा पोलिसांकडून आलेल्या वस्तू तपासायची. सातारा आणि सांगली, दोन्हीकडची पाकिटं यायची, लाखेचं सील लावलेली. आत कुणाचा सदरा, कुणाच्या गाडीत सापडलेली बाटली, कुणाच्या घरातला उरलेला चहा. कुणाचं काय ते आम्हाला कळत नसे. पाकिटावर नंबर, नंबरावर काम. पाकीट फोडायचा अधिकार फक्त मॅडमना. मी त्याला बोटही लावायचं नाही, हे पहिल्या दिवशी तीनदा सांगितलं गेलं. माझं काम काच धुणं, डिस्टिलचं पाणी भरून ठेवणं आणि फिल्टर पेपर कापणं.

मला कामाला लावलं मामांनी. मामा औंधकडचे, फौजेतून पेन्शनीत आलेले, आणि तिथल्या सगळ्या मदतनिसांत जुने. सगळे त्यांना मामाच म्हणत. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्यापुढं बीकरांचा ढीग ठेवला आणि चहा पिऊन परत आले.

"घासलीस?"

"हव जी."

"आं?"

"हव जी, घासले."

मामांनी खोलीभर हाक मारली. "आरं ऐका रं! हव म्हनं, जी म्हनं! आपल्याला आजवर कुनी जी म्हटलं न्हवतं गड्या. ही बया आपल्याला सायब करून सोडनार."

सगळे हसले. मीही हसले, कारण काय करावं कळेना. मग मामांनी एक बीकर उचलून खिडकीशी धरला. मला तर तो लख्ख दिसत होता.

"हितं बघ. थेंब चिकटून बसलाय. काच साफ असंल तर पानी अंगावरनं पडद्यागत सरळ उतरतंय. थेंब धरून ठिवला म्हंजी तेल हाय. तुझ्या हाताचं असंल, न्हाईतर तुझ्या आदी धुनाऱ्या मुडद्याचं. पुन्यांदा घास."

मी पुन्हा घासलं. साबण, मग तीनदा नळाचं पाणी, मग तीनदा डिस्टिलचं. मी मोठ्यानं मोजायची, आणि मोजूनही खात्री वाटली नाही की चौथ्यांदा विसळायची.

"चवथं कुनाला? देवाला?" मामा विचारायचे.

पण खिडकीशी धरून बघायला मला त्यांनीच शिकवलं. आज आमच्या खोलीवरचे स्टीलचे पेलेसुद्धा मी तसेच बघते. नवरा म्हणतो, डोकं फिरलं. फिरलं असेल. मला मात्र पाणी पडद्यासारखं उतरलं की बरं वाटतं. जगात एखादी गोष्ट तरी अशी असावी, जी साफ आहे की नाही हे बघून कळतं, कुणाला विचारावं लागत नाही.

मॅडम फलटणच्या. माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठ्या असतील, पण मला त्यांची भीती पहिल्या दिवसापासून. त्या कधी ओरडत नसत. हातातलं काम थांबवून नुसत्या बघत, आणि बघून झालं की प्रश्न विचारत. ओरडणाऱ्या माणसाची मला सवय आहे. प्रश्न विचारणाऱ्याची नव्हती.

त्यांच्याकडं रक्ताच्या डागांचं टेबल होतं. मामा तिथल्या चाचणीला 'गुलाबी' म्हणत. ती अशी: मी कापून ठेवलेला फिल्टर पेपरचा तुकडा, पोस्टाच्या तिकिटाएवढा, मॅडम डागावर हलकेच घासायच्या. त्यावर आधी स्पिरिटचा थेंब. मग औषधाचा थेंब. मग थांबायचं. मग शेवटी पेरॉक्साइडचा थेंब, तेच जे पार्लरमध्ये केसांना लावतात. डाग रक्ताचा असेल तर शेवटच्या थेंबाबरोबर कागद गुलाबी होतो, लग्नाच्या पत्रिकेसारखा गुलाबी. तेवढ्यावर रक्तच आहे असं त्या कधी लिहीत नसत. "रक्त असू शकतं," एवढंच. खरी तपासणी त्यानंतर पुढच्या खोलीत.

पण हे सगळं करायच्या आधी रोज त्या एक तुकडा घ्यायच्या, कशालाच न लावता त्यावर तिन्ही थेंब टाकायच्या आणि घड्याळाकडं बघत बसायच्या. कागद पांढराच राहायचा. तो त्या बाजूला ठेवायच्या आणि वहीत लिहायच्या: कोरा, रंग नाही.

मला वाटायचं, हा काय उद्योग? ज्यावर काही नाहीच, त्यावर काही दिसणार कुठून? औषध फुकट जातं. मग मी आपल्या हुशारीनं एक काटकसर सुरू केली. कापताना कडेच्या ज्या वाकड्या चिंध्या उरायच्या, त्या कोऱ्यासाठी वेगळ्या ठेवायला लागले. चांगले तुकडे डागाला.

चार दिवसांनी मॅडमनी चिमट्यात एक चिंधी धरली. "हा असा वाकडा का?"

"कोऱ्यालेच तं पाहिजे होता जी."

त्या बघत राहिल्या. मग त्यांनी स्टूल ओढून मला बसवलं. "समज, डागाचा कागद गुलाबी झाला. मी काय म्हणेन?"

"रक्त असू शकते."

"आणि तो रंग कागदातूनच आला असेल तर? औषध बिघडलेलं असेल तर? तुझ्या-माझ्या हातातलं काही लागलं असेल तर? ते मला कोण सांगणार?"

मी त्या चिंधीकडं बघितलं.

"कोरा सांगणार. म्हणून त्याच गठ्ठ्यातला, त्याच मापाचा, त्याच हातानं कापलेला पाहिजे. त्याला उरलंसुरलं द्यायचं नाही."

मामा मागून म्हणाले, "आमच्याकडं लग्नाची पैली पत्रिका यमाई देवीला ठिवत्यात. यमाई काय टेंपोत बसून वऱ्हाडात येती व्हय? पर मान तिचा पैला. तसा ह्यो कोरा."

ते मला एकदम समजलं. नववीचं पुस्तक उघडायचं राहून गेलेल्या बाईला रसायनातली एक गोष्ट समजली, म्हणून त्या दिवशी मी घरी जाऊन पोरीलाही समजावली. पोरगी म्हणाली, "मम्मी, तू टीचर हायस?" ती इथली. ती हाय म्हणते.

तिथं भिंतीवर एक नियम लावलेला होता. हाताला जखम असेल तर आल्या आल्या सांगावे व त्या दिवशी रक्ताच्या टेबलाजवळ येऊ नये. माझ्या आधी जी बाई होती तिला काढून टाकलं होतं, हे मला गेटवरच्या सिक्युरिटीच्या बाईनं सांगितलेलं. "फ्लास्क फोडला, गेली," एवढंच. ते मी मनाशी घट्ट धरलं. फोडलं की गेली. चुकलं की गेली. कामाला वर्ष झालं तरी दिवसातून एकदा हे आठवायचंच.

आणि मला जायचं नव्हतं. हे काम मला पाहिजे होतं, हातातून निसटू नये एवढं पाहिजे होतं. नुसत्या पगारासाठी नाही. तिथं मला कुणी 'ती हमालाची बाई' म्हणत नव्हतं. "गठ्ठा हिनं कापलाय," असं मॅडम दुसऱ्या साहेबांना सांगायच्या, आणि साहेब मान हलवायचे. सांगलीत पहिल्यांदा मला कुणीतरी कशासाठी तरी ओळखत होतं.

त्या सकाळी विळीवर दुधी चिरताना डाव्या हाताची तर्जनी कापली. खोल नव्हती, पण वाहायला लागली. मी डब्यातली चिमूटभर हळद घेऊन दाबली. यात विचार करायला काय असतं? कापलं की हळद. आईनं तेच केलं, तिच्या आईनं तेच. वर आमच्या घरी तर यार्डातली हळद, नवरा पिशवीतून आणतो तशी, नाकाशी नेली तर ठसका लागेल अशी. रक्त थांबलं. चिंधी बांधली आणि निघाले.

गेटवर पोचल्यावर भिंतीवरचा नियम आठवला. सांगितलं तर आज टेबलाकडं जाता येणार नाही, म्हणजे परत पाठवतील, म्हणजे खाडा. त्या महिन्यात पोरीच्या तापात माझे तीन खाडे झाले होते, आणि त्याच आठवड्यात ठेकेदाराचा माणूस कुणाला ठेवायचं याची नवी यादी करायला येणार होता. मी चिंधी सोडून पर्समध्ये कोंबली. बोट नळाखाली धरलं. पिवळं पाणी गेलं. मला वाटलं, गेलं सगळं.

हातमोजे घालून फिल्टर पेपर कापायला बसले. डावा मोजा घट्ट होता, बोट ठणकायला लागलं. पाच मिनिटांसाठी तो काढला. म्हटलं, रक्त येत नाहीये, कुणाला कळतंय. नवा गठ्ठा होता, पुरा कापला, डबीत भरून टेबलावर ठेवला आणि हात ॲप्रनच्या खिशात घातला.

त्या दिवशी कवठे महांकाळकडचं एक पाकीट होतं. सदरा. मॅडमनी सील बघितलं, मामांनी बघितलं, वहीत लिहिलं, मग उघडलं. बाहीच्या कडेला डाग, ज्वारीच्या दाण्याएवढा.

"एकदाच पुसता येईल," मॅडम स्वतःशी बोलल्यासारख्या म्हणाल्या. "निम्मा पुढच्या खोलीसाठी ठेवायचाय. इथं चुकलं की गेलं."

मी उजव्या हातानं कपाटाची काच पुसत उभी होते. त्या सदऱ्याचा मालक कुठंतरी कोठडीत बसला असेल, नाहीतर ज्याला मार लागला त्याचा तो सदरा असेल, मला काय ठाऊक? पण कुणाचं तरी घर त्या दाण्याकडं डोळे लावून बसलंय, एवढं कळत होतं.

मॅडमनी डबीतून पहिला तुकडा घेतला. कोरा. स्पिरिटचा थेंब. काही नाही. औषधाचा थेंब.

कागद लाल झाला.

गुलाबी नाही. विटकरी, शेंदरी, कसातरी लाल, आणि लगेच. पेरॉक्साइडची बाटली अजून उघडलीही नव्हती. दुसरा तुकडा घेतला. त्याच्या एका कोपऱ्यावर तसाच लाल ठसा. तिसरा पांढरा राहिला. चौथ्यावर पुन्हा.

मॅडमनी चिमटा खाली ठेवला. सदरा झाकला. मग मामांकडं वळल्या. "मामा, हे औषध काल तुम्ही उकळलं ना?"

इथं सांगायला पाहिजे की ते औषध आधी झक्क गुलाबी असतं. जस्ताची पूड घालून ते उकळत राहायचं, रंग पुरा उडून पाण्यासारखं होईपर्यंत. रंगाचा अंश राहिला तर सगळीच चाचणी खोटी. मॅडमच्या हाताखाली हे काम मामा करायचे, आणि त्यांना त्याचा अभिमान होता. पोरांना सांगायचे, फौजेत बंदूक साफ केली नसंल एवढं ह्याला जपतो.

"व्हय मॅडम, म्याच उकळलं. पांढरं हुस्तवर उकळलं."

"पूर्ण झालं नसेल."

"आवं झालं हुतं की." मामांनी बाटली उचलून खिडकीशी धरली. "बघा. पान्यागत हाय."

"मग रंग कुठून आला?" मॅडमचा आवाज चढला नव्हता, पण त्यात फलटणची धार आली होती. "आता एवढी बाटली टाकून द्या, मामा. नवं करा. उकळताना मी थांबते तिथं."

मामा बाटली हातात धरून उभे राहिले. इतक्या वर्षांत त्यांच्या शेगडीशी कुणी राखणीला उभं राहिलं नव्हतं.

माझं बोट खिशात ठणकत होतं. मला अजून हळदीची शंकाही आली नव्हती, हे खरं सांगते. मला वाटलं, माझं रक्तच लागलं. माझं रक्त त्या कागदाला, कागदाचं सदऱ्याला, आणि कुणीतरी आयुष्यभर आत. आणि बोलले तर मी बाहेर. नाही बोलले तर मामांची बाटली. या दोन्हींच्या मधे मी किती वेळ उभी होते, कुणास ठाऊक. मामा बेसिनकडं चालायला लागले, बाटलीचं बूच उघडलं, तेव्हा तोंडातून निघालं.

"मामा, नका फेकू जी."

दोघांनीही बघितलं.

"मॅडम, मले सांगाचं होतं. बोट कापलं माझं."

मी हात बाहेर काढला. भीतीत माझी होती नव्हती तेवढी सांगली गळून पडली, आईची भाषा तेवढी राहिली. काय काय बोलले ते धड आठवत नाही. विळी, चिंधी, खाडा, मोजा, सगळं एकात एक. मामा म्हणाले, "आगं बया बया बया!"

मॅडमनी विचारलं, "रक्त येतंय?"

"नाही जी. हळद लावली होती."

"हळद!"

त्यांनी माझं बोट धरलं, उजेडाकडं वळवलं. कपाटातून नवा गठ्ठा काढला, नवा मोजा घातला, स्वतः एक तुकडा कापून माझ्या बोटावरून फिरवला आणि मामांच्या हातातल्या बाटलीतला एक थेंब त्यावर टाकला. तोच लाल. हुबेहूब. मग दुसरा, कशालाच न लावलेला तुकडा घेतला, त्यावर थेंब टाकला आणि थांबल्या. पांढरा.

"मामा," त्या म्हणाल्या, "औषध चांगलं आहे. माझं चुकलं."

मामांनी बूच घट्ट बसवलं. दोनदा बसवलं.

मग मॅडम माझ्याकडं वळल्या. "हळदीला सोडा लागला की लाल होते, हे तुला ठाऊक नाही?"

"ठाऊक आहे जी. साडीवरचा डाग साबनानं लाल होते."

"मग? हे औषध सोड्याचाच मोठा भाऊ आहे."

"ध्यानात नाही आलं. घरी ते हळद असते. इथं सगळं रसायन असते."

त्या हसल्या नाहीत, पण चेहरा सैल झाला. "हा लाल कधी आला? शेवटचा थेंब टाकायच्या आधी की नंतर?"

"आधी."

"म्हणजे रक्त नाही. रक्त शेवटच्या थेंबापर्यंत वाट बघतं. हळदीला दम नसतो, ती आधीच बोलून मोकळी होते. म्हणून मधे थांबायचं असतं. कळलं?"

कळलं. माझ्या रक्तानं कुणी आत जाणार नव्हतं. मी बाजूचं स्टूल धरलं.

पण मॅडमचं समाधान नव्हतं झालं. त्यांनी खिडक्यांचे पडदे ओढले आणि कपाटातला निळा दिवा काढला. तो लावला की खोली जवळजवळ काळीच राहते, फक्त काही काही गोष्टी आपल्या आपण उजळतात. त्यांनी तो माझ्या हातावर धरला. बोट पिवळंहिरवं पेटलं, काजव्यासारखं. नळाखाली धुतलेलं, मला साफ वाटलेलं बोट.

मग त्या दिवा घेऊन माझ्या मागं मागं फिरल्या. कात्रीच्या मुठीवर पिवळा ठिपका. डबीच्या झाकणावर. ड्रॉवरच्या कडीवर. डिस्टिलच्या पाण्याच्या तोटीवर. ॲप्रनच्या खिशाचं तोंड तर नुसतं पिवळं. सकाळपासून मी जिथं जिथं घाबरून हात लावला होता ते सगळं अंधारात दिसत होतं. माणसाची भीती अशी उघडी पडलेली मी आजवर बघितली नव्हती. दिवा माझ्या तोंडावर आला तेव्हा मामा मोठ्यानं हसले.

"आगं कपाळ, गळा, नाक! पोरी, तू तर खंडोबाचा भंडारा उधळून आलीस की!"

घाम पुसला होता ना मी.

शेवटी दिवा सदऱ्यावर. सदरा निळसर चमकला. ते धुण्याच्या पावडरीनं, मॅडम म्हणाल्या. बाही बघितली, पाकीट आतून बघितलं, लाख, दोरा, टेबलाचा तो कोपरा. पिवळं कुठंच नव्हतं. मला त्याला बोट लावायचं नाही म्हणून सांगितलं होतं आणि मी लावलं नव्हतं. ज्वारीच्या दाण्याएवढा डाग जसा आला होता तसाच होता.

पडदे उघडले. उजेडात सगळं पुन्हा साधं दिसायला लागलं. मी ॲप्रनच्या गाठी सोडायला लागले.

"ते का काढतेस?" मॅडम म्हणाल्या.

"जावं लागनच ना जी. त्या आधीच्या बाईसारखं."

"तिचं काय?"

"तिनं फ्लास्क फोडला, तं तिले काढलं."

मामा आणि मॅडमनी एकमेकांकडं बघितलं. "फोडल्याबद्दल काढलं असतं तर इथं आज कोण राहिलं असतं?" मॅडम म्हणाल्या. "मामांनी किती फोडलेत विचार. मी मोजलेले नाहीत. तिनं मापाचा फ्लास्क फोडला आणि त्या जागी दुसरा, माप न तपासलेला ठेवला. चार दिवस आम्ही चुकीच्या मापानं काम केलं. विचारलं तर नाही म्हणाली, पुन्हा विचारलं तरी नाही म्हणाली. तू सकाळी चुकलीस. सांगितलं असतंस तर मी तुला आज काच धुवायला बसवलं असतं, घरी कशाला पाठवलं असतं? पण बाटली ओतायच्या आधी बोललीस. जखमेचं मी चालवून घेणार नाही, पुन्हा लपवलीस तर मात्र मीच ठेकेदाराला सांगेन. गाठ बांध."

मी गाठ बांधली. ती वाकडीच बसली, तर मामा म्हणाले, "आदी डोळं पूस, मग गाठ. आनि डोळ्याला त्यो हात लावू नगंस!"

मग मॅडमनी चुकांची वही काढली. जे काही चुकतं ते त्या वहीत लिहायचं, कुणी, कधी, कसं, आणि पुढं काय केलं. मी ती कपाटात बघितली होती, उघडलेली कधी बघितली नव्हती. त्यांनी कोरं पान काढून पेन माझ्यापुढं धरलं.

"मी?"

"बोट तुझं, हळद तुझी, मोजा तू काढलास. मी कशी लिहू?"

"माझं अक्षर..."

"अक्षर नकोय मला. काय झालं ते पाहिजे."

नववीच्या जुलैनंतर मी कधी सलग चार ओळी लिहिल्या नव्हत्या. सह्या केल्या, फॉर्म भरले, तेवढंच. बसले. उजवा हात ठीक होता, तरी तोच जास्त दुखत होता. लिहिलं: आज सकाळी माझा बोट विळीवर कापला. मी हळद लावली. मी सांगितली नाही कारण मी भ्याली. मोजा काढून पेपर कापले. औषध बरोबर होते. मामाची चूक नाही.

मॅडमनी वाचलं. मी खाली बघत होते. आमच्याकडचं आलं होतं त्यात, हे मला लिहितानाच कळलं होतं.

"चुकलं का जी?"

"नाही. असंच झालं ना?"

"हव."

"मग असंच राहू दे." त्यांनी खाली लिहिलं, गठ्ठा नष्ट केला, टेबल व उपकरणे स्वच्छ केली, नमुन्यास स्पर्श नाही. सही केली. साक्षीदार म्हणून मामांनी सही केली, आणि पेन ठेवताना 'मामाची चूक नाही' या ओळीवर बोट टेकवून ती पुन्हा वाचली. ओठ हलवत वाचली.

ते टेबल मग मीच पुसलं, उजव्या हातानं, मोजा घालून, मॅडम दिवा धरून उभ्या. तोटी चार वेळा पुसावी लागली. हळद लवकर जात नाही.

सदरा दुसऱ्या दिवशी तपासला, मॅडमनी स्वतः कापलेल्या कागदावर. मी काचेच्या पलीकडं बाहेरच्या बेसिनला होते. काय निघालं ते मला माहीत नाही, मी विचारलं नाही, विचारायचं नसतं. कधीतरी कुणा घरी त्या दाण्यावरून बरं किंवा वाईट झालं असेल. जे झालं असेल त्यात माझं काही मिसळलेलं नव्हतं, एवढ्यासाठी मी आजही मॅडमचे आभार मानते, देवाचे मानते तसे. वेळेवर तीन थेंब फुकट घालवणाऱ्या माणसामुळं एवढं टळतं, हे मला कुठल्या शाळेनं शिकवलं असतं कोण जाणे.

भिंतीवरच्या नियमाखाली मॅडमनी पेनानं एक ओळ वाढवली: हळद लावली असली तरी सांगावे. नवीन येणारे साहेब लोक ती वाचून बुचकळ्यात पडतात. मामा त्यांना उत्तर देत नाहीत, नुसते माझ्याकडं हात करतात.

ठेकेदाराचा माणूस आला त्या दिवशी मी बेसिनलाच होते. तो यादी वाचत मॅडमकडं गेला. मला काचेतून त्यांचे ओठ दिसत होते, शब्द नाही. मी हातातला बीकर किती वेळा विसळला ते मोजलं नाही. तो बाहेर आला, माझ्या बाजूनं गेला, आणि जाता जाता म्हणाला, "ताई, पुढच्या महिन्याला आधार कार्डाची झेरॉक्स द्या, जुनी पुसट झालीय."

पुढचा महिना. मी हो म्हटलं. हव नाही, हो.

बोट भरायला आठवडा लागला. रोज सकाळी मॅडमना दाखवायचं, असं ठरलं होतं. आठव्या दिवशी त्यांनी ते दोन्ही बाजूंनी बघितलं, दाबून बघितलं, निळ्या दिव्याखालीही बघितलं. मग ड्रॉवरमधून हातमोज्यांचा नवा डबा काढला, एक माप मोठा. "घट्ट होत होते तर सांगायचं," म्हणाल्या, आणि फिल्टर पेपरचा गठ्ठा नि कात्री माझ्याकडं सरकवून आपल्या पाकिटांकडं वळल्या.

मी कापायला बसले. पलीकडं मामांची शेगडी पेटलेली होती, काचेच्या भांड्यात गुलाबी औषध हळूहळू फिकं होत होतं, आणि मामा हात मागं बांधून एकटेच त्याच्याकडं बघत उभे होते. मॅडम त्यांच्या टेबलाशी पाठमोऱ्या बसल्या होत्या. मामांजवळ राखणीला कुणी उभं नव्हतं. माझ्याजवळही नव्हतं.